शिमग्यापर्यंतची शाळा

ये गं मालू, अशी माझ्याजवळ सरक. लांबून ऐकायची गोष्ट नव्हे ही. आणि आधी एक सांगून टाकते, रागावू नकोस. बारशाच्या पंगतीत सगळ्यांच्या देखत तू म्हणालीस ना, "मामी, पोरांचं आख्खं वर्ष फुकट घालवलंत," ते मला लागलं. अगं, तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. पण तू विचारलं नाहीस, नुसतं म्हणालीस, आणि वर जिलबी वाढायला पुढे गेलीस. म्हणून आता लिहायला बसले. मी शाळा फार पाहिलेली नाही, त्यामुळे लिहिणंही बोलल्यासारखंच होतं. तू समोर बसली आहेस असं धरून चालते.

माझा सुधीर काय करतो ते तुला ठाऊक आहे. शेतातली डिझेल इंजिनं, फवारणीचे पंप, गुऱ्हाळाचे चरक, जे बंद पडेल ते दुरुस्त करतो. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत त्याची गिऱ्हाइकं. वाईच्या घरी तो असायचा पाहुण्यासारखा. सून अलका लग्नाआधी बालवाडी चालवायची. नातवंडं दोन, मुक्ता नऊ वर्षांची आणि बंडू सहाचा. बंडूचं तोंड झोपेतसुद्धा चालू. मुक्ता घरी माझ्याशी, अलकाशी भरपूर बोले, पण शाळेत बाईंनी उभं केलं की ओठ घट्ट. परक्या माणसापुढे तर शब्द नाही. तोंडी परीक्षेत दरवेळी भोपळा. बाई म्हणाल्या, हिला पुन्हा चौथीतच बसवा.

पुण्याच्या मोठ्या सूनबाईंनी तोडगा काढला, की मुक्ताला आमच्याकडे पाठवा, इथल्या शाळेत घालू, चार मुलांत राहून आपोआप बोलेल. सुधीरला ते पटलं. अलकाला पटलं नाही. ती म्हणाली, "घरापासून तोडून कुणी बोलायला लागतं का? त्यापेक्षा मला थोडा वेळ द्या. तुम्ही कामाला जाल तिथं आम्ही सगळे येतो. ती माणसं बघेल, काम बघेल." बरीच वादावादी झाली आणि शेवटी मुदत ठरली शिमग्यापर्यंत. तोवर मुक्ता चार परक्या माणसांपुढे बोलली तर वाईला राहील, नाहीतर पुणे. हेडमास्तर भला माणूस. वार्षिक परीक्षेला घेऊन या, म्हणाले.

पोरांच्या कानावर जाऊ नये म्हणून आपण हळू बोलतो, आणि पोरं असतात दाराच्या आड. रात्री मुक्ता माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आजी, पुण्याला तू पण येशील?" तेव्हाच मी ठरवलं, की मीही यांच्याबरोबर निघायचं.

कोयनानगर

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होऊन गेलं होतं. दसरा आटोपून निघालो. पाटण सुटलं की रस्ता असा वळणं घेतो, की बंडूनं सकाळचे पोहे समोरच्या माणसाच्या नाचणीच्या पोत्यावर परत केले. मी पाण्याची बाटली घेऊन पोतं पुसायला गेले, तर तो माणूस म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आजी, नाचणी तशी बी धुवायचीच असती."

धरणाच्या वसाहतीत सुधीरच्या मित्राकडे उतरलो. त्याची बायको नलिनी, हसरी, कामाला वाघीण. घर पत्र्याचं, बैठं. तिच्या स्वयंपाकघरात जड काही डोक्याच्या वर नाही. आपल्याकडे डबे फळीवर जातात वर वर, तिच्याकडे पिंप, वरवंटा, पितळी डबे सगळे जमिनीवर. वर फक्त एक फळी, आणि तिच्या काठाशी ताटलीवर पालथी घातलेली एक लोटी. मला वाटलं, धुऊन निथळायला ठेवली असेल.

दुपारी जेवत होतो. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. एकदम जमिनीतून ट्रक गेल्यासारखं झालं. पत्रे वाजले. आम्ही ताटं टाकून बाहेर. मी तर उष्ट्या हातानं बंडूला काखेत मारून अंगणात उभी. मागे बघते तो नलिनी तशीच बसलेली, हातात पळी. म्हणाली, "या आजी, बसा. बारका होता. लोटी नुसती वाजली, पडली नाही."

तेव्हा कळलं ती लोटी कशाला. नुसती वाजली तर जेवण पुरं करायचं, पडली तर पोरांना घेऊन निघायचं. तिथली शेंबडी पोरंसुद्धा आधी लोटीकडे बघतात, मग आईकडे. आपल्याकडे पोर घाबरलं की आपण म्हणतो, घाबरू नकोस, काही नाही. ते लोक काही नाही असं म्हणत नाहीत. आहे, पण केवढं आहे ते बघ, असं शिकवतात.

मुक्ता तिथं दिवाळी होऊन गेली तरी नलिनीशी बोलली नाही. तिच्या मागे मागे फिरायची, भांडी विसळू लागायची. नलिनीनंही कधी "बोल गं बाई" म्हटलं नाही. सुधीर मात्र रोज संध्याकाळी आला, की डोळ्यांनीच अलकाला विचारायचा, आणि अलका भाकरी थापत खाली बघायची.

तासगाव

मार्गशीर्षात तासगावकडे गेलो. तिथल्या तात्यांचा द्राक्षाचा मळा. सुधीरनं त्यांचे फवारणीचे पंप बांधून दिलेले, म्हणून मळ्यातली एक खोली आम्हाला मिळाली. तात्या पन्नाशीचे, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. सैन्यात होते, त्यामुळे जेवायला बोलावणंसुद्धा हुकूम दिल्यासारखं. जेवण म्हणजे शाळूची भाकरी आणि असा ठेचा, की माझ्या डोळ्यांतून धार. मी आमटीत गुळाचा खडा टाकला तर तात्यांच्या घरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "आजी, ही आमटी हाय का पायस?"

तेव्हा विरळणीचे दिवस होते. तुला सांगते विरळणी म्हणजे काय. घडाला मणी धरतात ते फार दाट. तसेच ठेवले तर एकमेकांना रेटून बारके राहतात, आतले चेंगरून कुजतात. म्हणून बायका छोटी कात्री घेऊन प्रत्येक घडातले निम्मे मणी काढून टाकतात. चांगले, हिरवेगार, टपोरे व्हायला निघालेले मणी. मांडवाखाली त्यांचा नुसता सडा. प्रत्येक बाईला तिच्या ओळी ठरवून दिलेल्या, आणि ओळीच्या पहिल्या खांबाला ती आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. पुढे माल निघाला की कुणाचा हात कसा चालला ते त्या चिंधीवरून कळतं.

शेवंता नावाची बाई होती, पस्तिशीची. तिची चिंधी हिरवी. मुक्ता तिला चिकटली. बोलायची नाही, पण कात्री धरायला शिकली. मी एकदा शेवंताला म्हटलं, हे टाकताना वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "आवं आजी, जीव तर तुटतुयाच. पर समद्यास्नी ठेवलं तर येक बी नीट वाढत न्हाई." मालू, तुझ्या चिन्मयचा सकाळी पेटीचा क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी स्कॉलरशिपचा क्लास आणि रविवारी चित्रकला. मला तो घड आठवला होता गं पंगतीत. बोलले नाही, आता लिहिते. पण आम्ही तरी कुठे शहाणे? आम्हीही पोरांवर गावामागून गाव लादतच होतो की.

एके दिवशी शेवंताच्या सासूला ताप भरला, तिला लवकर घरी जायचं होतं. तिच्या ओळीची नाल्याकडची शेवटची झाडं राहिलेली. तिनं मुक्ताच्या हातात कात्री दिली आणि म्हणाली, "येवढं कर माज्या बाय, तुजा हात हलका हाय." मुक्तानं मान डोलावली. संध्याकाळी परत आली ती नाचतच. आम्हाला केवढं कौतुक. नाल्याकडचा कोपरा तो, सावलीचा. तिकडे नंतर कुणी फारसं फिरकलं नाही.

फलटण

पौषात सुधीरला फलटणच्या बाजूला गुऱ्हाळाच्या चरकाचं काम लागलं. तिथं अलकाची फजिती झाली. रस प्यायल्यावर तिनं पर्स उघडून पैसे विचारले. गुऱ्हाळवाल्यानं असं तोंड केलं, जसं काही तिनं त्याच्या घरी जेवून ताटाखाली नोट ठेवली. आल्यागेल्याला रस पाजायचा, ताजा गूळ हातावर ठेवायचा, ही तिथली रीतच. मग ती बिचारी दिवसभर त्याच्या बायकोबरोबर चुलाण्यात चिपाडं सारत बसली. लाज भरून काढायची तिची ती तऱ्हा.

पण फलटण मला आठवतं ते दुसऱ्याच कारणानं. पुण्याहून निरोप आला, की शाळेत प्रवेशाचं बघायला हवं, काय ते नक्की कळवा. सुधीर अस्वस्थ झाला. संध्याकाळी गुऱ्हाळावर चार माणसं बसली होती, त्यांच्यापुढे त्यानं मुक्ताच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाला, "एवढं वाचून दाखव काकांना." त्याला वाटलं, जमेल. मुक्ता कागद धरून उभी राहिली. कढईतला रस रटरटत होता, तेवढाच आवाज. माणसं भली, त्यांनीच विषय बदलला. सुधीर उठून गेला. परत आला तेव्हा अलकाला म्हणाला, "मी शिमग्याला तिला पुण्याला पोचवतो. आता वाद नको."  बाप काही दगडाचा नव्हता. तिला पुढे जगात कोण विचारणार, ही त्याची भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

अलका माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आई, माझंच चुकलं का हो?"  मी तिच्या केसांतली चिपाडाची कुसं काढत बसले.

पुन्हा तासगाव

माघाच्या शेवटी तात्यांच्या मळ्यात तोडणी सुरू झाली. सुधीर फलटणला अडकला होता, आम्ही एस.टी.नं पुढे आलो. काय ते मांडव! खालून वर बघितलं की घडच घड, उन्हात मणी आरपार दिसणारे. बंडू एका घडाला एक गाव असं म्हणत मोजत सुटला. व्यापारी आला होता सांगलीहून, पांढऱ्या कपड्यातला. ओळी बघत बघत तो नाल्याकडच्या कोपऱ्यात गेला आणि तिथंच थांबला. एक घड तोडून त्यानं दोन्ही हातांनी उघडला. मणी शेंगदाण्याएवढे, एकमेकांत ठासलेले, आणि मधले काळे पडून त्यांना वास सुटलेला. त्यानं घड खाली टाकला. म्हणाला, "तात्या, हे असलं आत असंल तर बाकीच्याचा बी भरवसा काय? मला इचार करावा लागंल."

सगळ्या बायका जमल्या. तात्यांनी ओळीच्या टोकाला जाऊन खांबाची हिरवी चिंधी बघितली. मग जो आवाज चढवला! "शेवंते, ही वळ तुजी न्हवं? पौषातच मला शंका आलीती, पर तवा कात्री लावायची येळ टळून गेल्याली. दहा वर्सं काम करतीस आन् ही अवकळा? उद्यापासनं माज्या रानात पाय ठिवू नगंस."

शेवंता मान खाली घालून उभी. तिला माहीत होतं ती झाडं कुणी केली. मला माहीत होतं, अलकाला माहीत होतं. शेवंतानं एकदाही मुक्ताकडे बघितलं नाही, ती बघू शकली असती तरी. लेकराचं नाव कसं घ्यायचं, असं तिच्या मनात असणार. मी पुढे होणार, तोच अलकानं माझा दंड धरला. घट्ट. मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे मुक्तावर.

मालू, त्या घटकेला मला माझ्या सुनेचा इतका राग आला, की काय सांगू. इथं एका बाईच्या हातचं काम जातंय, पोटाचा प्रश्न आहे, आणि ही पोरीची परीक्षा बघतेय? मी दंड सोडवून घेत होते, आणि तेवढ्यात द्राक्षांची पेटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"ती झाडं मी केली," मुक्ता म्हणाली. "शेवंतामावशींनी नाही."

आवाज मोठा नव्हता. पण मांडवाखाली ऐकू गेला. तात्या वळले.

"काय म्हणलीस?"

"ती मी केली. ओळ त्यांची, पण शेवटची झाडं माझी. त्यांना येऊ द्या."

"मग कात्री चालत नव्हती व्हय तुजी?"

"चालत होती. बारके काढले मी. पण बाकीचे चांगले होते. चांगले कसे टाकायचे?"

 आमच्या घरी पानात शीत टाकलं तर मी पोरांना उठू देत नाही, भाजीचं देठसुद्धा आमटीत जातं. त्या पोरीनं तेच केलं होतं, दुसरं काय! एवढ्यात मागून एक म्हातारी मजूरबाई म्हणाली, "तात्या, हिला माज्या घरला धाडा. सुनंला जरा शिकवू दे, लई टाकती ती." आणि सगळ्या बायका हसल्या. व्यापारीसुद्धा हसला. मग तात्यांनी त्याला बाजूच्या ओळीत नेऊन घड उघडून दाखवले, दुसऱ्या ओळीतले, तिसऱ्या ओळीतले. त्याची खात्री पटली, माल ठरल्याप्रमाणे घेतो म्हणाला.

तात्यांनी शेवंताची माफी वगैरे मागितली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हे. जाता जाता नुसतं म्हणाले, "शेवंता, उद्या येरवाळी, दिस उगवायच्या आत ये. पेट्या भरायच्या हायत्या." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मुक्ताच्या पाठीत एक धपाटा घातला, जोराचा. मग जवळ ओढली.

खोलीवर आल्यावर मी अलकाला फैलावर घेतलं. म्हटलं, पोर बोलली नसती तर? ती म्हणाली, "अजून एक श्वास, आई. मग मीच बोलणार होते." असेल. पण तो एक श्वास शेवंताच्या जिवावर घेतला होता, हे मी तिला सांगितलं आणि तिनं ते मान्य केलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शेवंताकडे जाऊन आली. काय बोलल्या दोघी मला ठाऊक नाही.

कोपऱ्यातल्या मालाचं काय करायचं, तर नासके मणी निवडून बाकीचे बेदाण्याला. मुक्ता तात्यांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते मी करते." तात्यांनी तिच्यावर एक लांबलचक नजर टाकली आणि बेदाण्याच्या शेडकडे बोट दाखवलं. घड तेल आणि पोटॅश कालवलेल्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायचे, वारा लागेल असे, आणि मग थांबायचं. घाई करून बेदाणा होत नाही.

दोन दिवसांनी सुधीर आला. पुण्याची पिशवी भरून ठेवा, असा त्याचा निरोप आधीच आलेला. वाटेत तात्यांनीच त्याला गाठून सगळं सांगितलं, आम्ही नाही. तो थेट शेडकडे गेला. मुक्ता जाळीवर वाकली होती. त्यानं विचारलं, "मुक्ता, तू बोललीस म्हणे?" तर ती गप्प. बापाला वाटलं असणार, पुन्हा तेच. मग ती म्हणाली, "बाबा, चपला बाहेर काढा. आणि जाळीचं ते टोक धरा, एकटीला ओढवत नाही."

त्यानं चपला काढल्या. टोक धरलं. दोघं बराच वेळ जाळ्या सारख्या करत होते, मी दारातून बघत होते. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "आई, तासगावात जाऊन पुण्याला फोन करून येतो. म्हणावं, तिचे बेदाणे व्हायचेत." शिमग्याची होळी आम्ही मळ्यातच पेटवली. त्या दिवशी पुण्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

वाई

आता तुला वाटेल, पोर बोलकी झाली, प्रवासानं जादू केली. तसं काही नाही हं. परीक्षेला बसवली. गणितात, लेखीत छान. तोंडी परीक्षेत बाई म्हणाल्या, कविता म्हण, तर पुन्हा ओठ घट्ट. बाईंनी पास केलं, वर नेली पाचवीत, पण शेरा तोच, वर्गात बोलत नाही. सुधीर तो शेरा वाचून हसला नुसता. मागच्या वर्षी त्याच शेऱ्यावर तो जेवला नव्हता.

मी खूप विचार केला यावर. तिला शब्द येत नव्हते असं कधीच नव्हतं. आपण तिला बोलायला लावत होतो ते आपल्या समाधानासाठी. वर्तमानपत्र वाचून दाखवण्यात तिला काही सांगायचं नव्हतं. मळ्यात होतं. हे वाईत बसून मला कळलं असतं का? तिलाही कळलं असतं का? म्हणून म्हणते, वर्ष फुकट गेलं नाही. बंडूचं काय झालं विचारशील, तर तो बेरीज विसरला आणि शिव्या शिकला. ते कबूल.

तर मालू, आता तू ये. उन्हाळ्याची सुट्टी लागली की चिन्मयला घेऊन ये, क्लास बुडाले तर बुडू देत. पण सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं जायचं असेल तर मला चालणार नाही. मुक्ता पहिल्या दिवशी तुझ्याशी बोलायची नाही, दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. तिला "बोल ना गं" म्हणू नकोस. तिला तुला काही सांगायचं झालं की ती येऊन सांगेल. तेवढे दिवस राहशील अशी ये, आणि लवकर ये.